बोरीच्या मुठीचा वस्तरा

आबांचे हात थरथरायला लागले तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्या हातून दाढी गेली. जेवण, आंघोळ, धोतर या गोष्टी कशाबशा जमत होत्या. पण गालावर ब्लेड टेकवलं की रक्ताचा थेंब ठरलेला. मी तेव्हा नुकतीच निवृत्त होऊन वडिलांजवळ राहायला आले होते. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली, बरीचशी उमरग्याला आणि शेवटची काही वर्षं परंड्याला. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या अंगावरचे केस काढायचं काम मी इतक्या वेळा केलं होतं, की वडिलांची दाढी करण्यात मला काहीच अवघड वाटत नव्हतं. अवघड आबांना वाटत होतं.

"लेकीनं बापाची दाढी करायची व्हय?"

"पेशंटची केलेली चालते आणि बापाची चालत नाही?"

"पेशंट मुकाट पडलेला असतो."

"मग तुम्हीपण मुकाट बसा."

बसले. पण मुकाट नाही. दुकानात मिळतात ते प्लास्टिकचे रेझर मी आणले होते. त्यानं आबांच्या गळ्याला बारीक पुरळ यायची. दर वेळी ते आरशात गळा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "ह्येला दाढी म्हणत न्हायीत, खरवडणं म्हणत्यात." आणि मग एका सकाळी, गालाला साबण लावून झालेला असताना, त्यांनी माझा हात धरला.

"आपला वस्तरा कुठं हाय गं?"

आमच्याकडं वस्तरा होता हे मी विसरूनच गेले होते.

तो आईच्या पत्र्याच्या पेटीत निघाला, तिच्या दोन लुगड्यांच्या खाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. फडकं तेलानं कडक झालं होतं. पातं तपकिरी पडलेलं, मिटलं तर उघडत नव्हतं. वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, पातं मिटलं की त्यांच्या मधोमध जाऊन बसतं. या मुठीच्या पट्ट्या म्हशीच्या शिंगाच्या होत्या. एक मधूनच मोडली होती आणि दुसरी किड्यांनी खाऊन चाळणीसारखी केली होती. मोडली होती ती भूकंपात. आमचं गाव सास्तूरच्या जवळ. जुनं गाव पडलं, माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग दुसऱ्या जागेवर सरळ ओळींत हे नवं गाव उभं राहिलं. आमच्या घरातली माणसं वाचली. ढिगाऱ्यातून आईनं जे काही वेचून काढलं, त्यात हा वस्तरा होता. त्यानंतर तो कुणी वापरला नाही.

वस्तरा मुळात आजोबांचा. त्याची गोष्ट मी लहानपणी पुष्कळदा ऐकली होती. गावातला न्हावी आमच्या वस्तीतल्या माणसांची दाढी करत नसे. हे तेव्हा कुणी वेगळं सांगावंही लागत नसे. माणसं एकमेकांची डोकी कात्रीनं कशीतरी भादरायची, दाढ्या वाढायच्या. आजोबा तरुणपणी सोलापूरला गिरणीत होते. परत आले ते हा वस्तरा घेऊन, आणि हात बसवून. मग दर आठवड्याला लिंबाखाली पोतं टाकून ते बसायचे आणि सगळ्या वस्तीची दाढी करायचे. धर्मांतराच्या वर्षी, ज्या सकाळी वस्तीतली माणसं पांढरे कपडे घालून निघाली, त्या सकाळी तर ते उजाडायच्या आधीपासून बसले होते. आबा म्हणायचे, "त्या दिवशी समद्यांची तोंडं अशी लख्ख दिसत हुती, की वळखू येईनात."

"ह्येला नीट करता येतंय का बघ," आबा म्हणाले.

"माझ्याच्यानं?"

"टाके घालतीस की माणसाला."

टाके डॉक्टर घालायचे, मी नाही. पण मी वस्तरा उचलून घेतला.

रॉकेल आता कुठं मिळत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरमधलं वाटीभर डिझेल आणलं आणि वस्तरा त्यात बुडवून ठेवला. घरभर वास सुटला. दुसऱ्या दिवशी जुनी खीळ कानशीनं घासून काढली, तेव्हा पातं मुठीतून सुटं झालं. गंजाची पापडी ब्लेडच्या पाठीनं हळूहळू काढली, मग पाणी लावून पॉलिश पेपर, आधी खरबरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. काम असं की घाई करून चालत नाही. पातं जोरात घासलं तर तापतं, आणि तापलं तर त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही, हे आबांनी मला आधीच बजावलं होतं. ते खुर्चीवर बसून बघत असायचे. त्यांचं लक्ष टीव्हीपेक्षा माझ्या हाताकडं जास्त असायचं.

चार-पाच दिवसांनी पात्याच्या शेपटीजवळ, म्हणजे खिळीकडच्या टोकाला, कारखान्याचा शिक्का दिसायला लागला. अक्षरं झिजून गेली होती, फक्त एक चांदणी उरली होती. मी ती आबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली, मग चष्मा काढून बोटानं चाचपली.

"हीच," म्हणाले.

मुठीसाठी लाकूड शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या बांधावरची बोर रस्ता रुंद करताना तोडली गेली होती, तिचा एक ओंडका कित्येक वर्षं अंगणात पडून होता. कपडे धुताना आम्ही त्यावर बसायचो. बोरीचं लाकूड चिवट, पूर्वी कुऱ्हाडीचे दांडे त्याचे करत. ओंडका रिक्षात घालून सास्तूरला सुताराकडं नेला आणि पातळ पट्ट्या चिरून घेतल्या.

"सिस्टर, कशाला पाहिजेत ह्या?" त्यानं विचारलं. या भागात मला सगळे सिस्टरच म्हणतात.

"वस्तऱ्याला मूठ करायचीय."

तो हसला. "आता वस्तरा कोण वापरतंय?" पण त्यानं दोन पट्ट्या जास्तीच्या चिरून दिल्या. "मोडतील," म्हणाला.

मोडल्याच. शिंगाच्या जुन्या पट्टीवरून मी पेन्सिलीनं आकार काढला होता, दोन्ही पट्ट्या दोऱ्यानं एकत्र बांधून कानशीनं घासल्या होत्या, म्हणजे दोन्ही सारख्या व्हाव्यात. सगळं छान झालं आणि गिरमिटानं भोक पाडताना टोकाला उभी चीर गेली. मी ते तुकडे तसेच हातात धरून बसले.

"टोकाला लई जवळ पाडलंस," आबा म्हणाले. "जरा आत पाड. आन् आता जाड ठिवू नगंस. मूठ हाय का पाटा हाय?"

दुसरी जोडी जमली. पितळी तारेची खीळ घातली, दोन्ही बाजूंनी पितळी वायसर, आणि लहान हातोडीनं तारेचं डोकं हलक्या हातानं ठोकत ठोकत पसरवलं. पातं मिटलं. मला वाटलं, झालं. आबांनी मात्र वस्तरा कानाजवळ नेऊन उघडला, मिटला.

"घासतंय."

"मला तर ऐकू येत नाही."

"धार लाकडाला लागती. आसं ठिवलं तर लाकूडच कापंल, दाढी काय करंल?"

पुन्हा खीळ काढली. खिळीच्या उलट बाजूला, दोन्ही पट्ट्यांच्या टोकांमध्ये एक बारीक पाचर लागते, तिनं पट्ट्या जराशा फाकून राहतात आणि पातं मधोमध बसतं. मी लाकडाची पाचर केली होती, ती कमी पडत होती. जुन्या मुठीतला शिंगाचा एक तुकडा अजून धड होता. तो घासून त्याचीच पाचर केली. बोरीचा तांबूस रंग आणि मध्ये काळ्या शिंगाची रेघ. जवसाचं तेल बोटानं चोळून वाळवलं, पुन्हा चोळलं, आणि लाकडाच्या रेषा वर आल्या. आबांनी वस्तरा हातात घेतला. हात थरथरत होताच. पण मुठीवर अंगठा कुठं ठेवायचा हे बोटांना आठवत होतं.

राहिली धार. पात्याला एक बारीक खाच होती, ती काढून धार नव्यानं बसवायला हवी होती. ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी म्हटलं, सोलापूरला कुणी करत असेल तर विचारते.

"सोलापूरला कशाला? न्हाव्याकडं जा की. म्हाताऱ्याकडं. पोराकडं दिऊ नगंस."

मी आबांकडं बघतच राहिले. नव्या गावात स्टँडजवळ न्हाव्याचं दुकान आहे. म्हातारा आता बाहेरच्या बाकावर बसलेला असतो आणि मुलगा दुकान चालवतो. तिथं सगळ्यांची दाढी होते, आमच्या ओळीतली तरुण मुलं तर दर रविवारी तिथंच असतात. पण आबांनी त्या दुकानात कधी पाय ठेवला नव्हता. कुणी अडवलं नव्हतं. ते जात नव्हते, एवढंच.

मी गेले. म्हातारबाबांना मी काका म्हणते. एका डोळ्याला ऑपरेशन होऊनही अंधुकच दिसतं, दुसऱ्यात मोतीबिंदू. त्यांनी वस्तरा घेतला, उघडला आणि न बघताच अंगठा धारेवर आडवा फिरवला. मग अंगठा शेपटीकडं गेला आणि चांदणीवर थांबला.

"हा तुझ्या आज्याचा हाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याच घरी पाजवाया यायचा की." ते काही वेळ वस्तरा उघडत-मिटत राहिले. दुकानात मुलाचं मशीन गुरगुरत होतं. "तुझा आज्या आमच्या मागच्या भितीवर ठिवून जायचा. माझा बाप पाजवायचा आन् परत भितीवर ठिवायचा. हातात न्हाय द्यायचा. बापाच्या मागनं म्या पाजवला. म्या बी भितीवरच ठिवला."

ते माझ्याकडं बघत नव्हते, त्यांना मी नीट दिसतही नसेन. इतक्या वर्षांत किती तऱ्हेच्या माणसांना मी हात लावला होता, किती जणांनी वेदनेत माझा हात घट्ट धरला होता, त्यातल्या एकाचीही जात मला आठवत नाही. आणि आत्ता एका भिंतीचं ऐकून मी काकांच्या हातांकडं बघत होते.

"पाजवायला किती वेळ लागेल?" मी एवढंच विचारलं.

"खाच हाय. दोन-तीन दिस ठिव."

घरी येऊन मी आबांना विचारलं, "वस्तरा भिंतीवर ठेवायचे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हंजे? आणायला म्याच जायचो." आबा शेंगा सोलत होते, सोलतच राहिले. "लोखंडाला इटाळ न्हवता. गालाला हुता."

"मग मला तिथं का पाठवलं?"

"त्येच्यासारखी धार दुसरं कोण लावतंय हितं?" एक दाणा त्यांच्या हातातून निसटला, तो मी उचलून दिला. "आन् ती भित ऱ्हायलीय कुठं? भूकंपात गेली."

तिसऱ्या दिवशी मी वस्तरा आणायला गेले. काका बाकावरून उठून उभे राहिले. वस्तरा मिटून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं आपल्या हातानं त्यावर मिटवली.

"मूठ कुणी केली? बोरीची हाय न्हवं?"

"मी केली."

"पुसून झालं की रोज तेलाचं बोट फिरव." मग जरा थांबून, "दाढी कोण करणार?"

"मीच."

"उघड्या वस्तऱ्यानं? हात बसलाय का तुझा?"

"नाही बसला."

"मंग म्या येतो उद्या. त्येला इचार, येऊ का?"

आबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला. "येऊ दे," शेवटी म्हणाले. "चहा कर. पर दाढी तूच करायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका काठी टेकत आले, खिशात फुगे घेऊन. अंगणात दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना रामराम, जयभीम असं काहीतरी एकदमच म्हटलं आणि दोघंही खुर्च्यांवर बसले. काकांनी मला एक फुगा फुगवायला लावला, त्याला साबणाचा फेस लावायला सांगितला आणि म्हणाले, "ह्येची कर आधी."

पहिला फुगा फटकन फुटला आणि फेस आबांच्या अंगावर उडाला. दुसराही फुटला. आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्या फुगा न्हाय म्हणावं हिला!"

"टोक खाली लावतीस तू," काका म्हणाले. "पाठ लावून चाल. पातं आपसूक येतंय. मनगट ढिलं सोड." तिसऱ्या फुग्यावरचा फेस मी पूर्ण उतरवला आणि फुगा शाबूत राहिला.

मग आबा. गरम पाण्याचा टॉवेल गालावर ठेवला, साबण घोळवला. डाव्या हातानं कातडी ताणून धरली आणि कानशिलाजवळ वस्तरा टेकवला. एक बारीक आवाज आला, कोरड्या गवतातून कुणी सावकाश चालल्यासारखा. त्या आवाजानं आबांनी डोळे मिटले. हनुवटीशी मी अडखळले, तेव्हा काका म्हणाले, "तिथं केस फिरल्यात, वरनं ये." त्यांना नीट दिसत नव्हतं तरी ऐकू येत होतं. गळ्यावर मी फार सावकाश गेले. आबांची मान हलू नये म्हणून काकांनी मागून त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. आबांनी डोळे उघडले नाहीत.

रक्त आलं नाही. तुरटी फिरवली, तोंड पुसलं. आबांनी दोन्ही गालांवरून हात फिरवला, मग हनुवटीखालून. पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिले.

चहा झाला. आबा काकांकडं बघत होते. काकांच्या गालावर पांढरे खुंट होते, मुलाला दुकानातल्या गर्दीत बापाकडं बघायला सवड मिळत नसावी.

"तुझी बी वाढलीया," आबा म्हणाले.

"वाढू दे."

"बस. करती ती."

काकांनी माझ्याकडं तोंड वळवलं. मी वस्तरा धुऊन त्यावर स्पिरिट ओतलं आणि कापसानं पुसायला लागले. वास त्यांच्यापर्यंत गेला असणार. पुसता पुसता माझा हात थबकला. एका माणसाचं झालं की दुसऱ्याला लावायच्या आधी पुसायचं, ही माझी इतक्या वर्षांची सवय. पण या दोघांच्या मध्ये बसून पुसताना मला ते वेगळंच दिसायला लागलं.

"हे दवाखान्याचं आहे, काका," मी म्हटलं. "जंतूंसाठी. सगळ्यांसाठीच करतो आम्ही."

"पूस गं बाय," काका म्हणाले. "मला कळतंय ते. चांगलं पूस."

आबांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला आणि थरथरत्या हातानं काकांच्या गळ्याभोवती टाकला. नीट बसला नाही, एका बाजूनं घसरला, तो मी सारखा केला.

त्या दिवसापासून काका आठवड्यातून एकदा येतात. मी आधी आबांची करते, मग त्यांची, कधी उलट. दोघं बोलतात ते तुरीवर पडलेल्या अळीबद्दल आणि कुठल्या डॉक्टरच्या औषधानं गुडघेदुखी थांबते त्याबद्दल. भिंतीबद्दल माझ्यासमोर तरी पुन्हा बोलणं झालं नाही. आबा त्या दुकानात अजून गेलेले नाहीत, आणि काकांनीही कधी बोलावलं नाही. पावसाळ्यात पात्यावर एक तांबूस ठिपका आला, तेल लावायला मी एक दिवस विसरले होते. तो आबांनी माझ्याआधी पाहिला.

मागच्या आठवड्यात काका आले ते एक पुडी घेऊन. आत त्यांच्या वडिलांचा वस्तरा होता, पातं स्वच्छ, मूठ मात्र मोडकी, सुतळीनं बांधलेली. सोबत त्यांच्या शेतातल्या बाभळीचा एक सुका तुकडा.

"घाई न्हाय," ते म्हणाले. "जमलं तर कर."

मी लगेच हो म्हणाले नाही. पुडी उघडीच मांडीवर घेऊन बसले. या वस्तऱ्यानं सगळ्या गावाची दाढी केली होती, आमच्या माणसांची सोडून. काका वाट बघत नव्हते, आबांशी पावसाचं बोलत होते. पण त्यांचं बोलणं मधेमधे तुटत होतं.

"पातं अरुंद आहे," मी थोड्या वेळानं म्हटलं. "पाचर बारीक करावी लागेल."

"तुझ्या हिशेबानं कर," काका म्हणाले.

बाभूळ बोरीपेक्षा कठीण निघाली. कानस सरकते आणि लाकूड हूं की चूं करत नाही. काल एक बाजू जेमतेम आकाराला आली. आबा खुर्चीवरून बघत होते आणि दर थोड्या वेळानं सांगत होते, जाड ठेवू नकोस.